दहाला चौदा

१० मार्च २०२५, सोमवार

दीड इंच कमी पडला, त्याची खरी किंमत काय झाली ते लिहून ठेवतो.

वीस फुटी स्टेनलेस स्टीलचा पाईप एक, वाया. बेळगावला उद्यमबागेत पॉलिशला गेलेले चार दिवस, वाया. माझा आणि महादेव वेल्डरचा एक रविवार. पारमिता मला जन्मापासून 'काका' म्हणते, ती काल मध्येच एकदा 'मिस्त्री' म्हणाली, ते एक. आणि भीमरत्न शिडी धरून उभा होता, तो शिडी महादेवच्या हातात देऊन आत गेला, ते एक. पाईप दुसरा मिळेल.

ही डायरी सिमेंटवाल्यानं जानेवारीत दिलेली, आजवर कोरी होती. कुणाजवळ बोलायची सोय नाही म्हणून लिहितोय.

भीमरत्न नववीपर्यंत माझ्या बाकावर होता, नंदगडच्या शाळेत. मी बीजगणितात नापास झालो आणि शाळा सोडली. तो पुढं गणिताचा मास्तर झाला, निपाणीत हायस्कूलमधून रिटायर झाला. त्यांच्या वस्तीनं वर्गणी काढून अभ्यासिका बांधलीय, भीमरत्न तिचा सेक्रेटरी. नकाशा त्याच्या मुलीचा, पारमिताचा. ती बेळगावात आर्किटेक्ट आहे. दर्शनी भिंतीवर तीन चौकोनी चौकटी: दोन फुटी, तीन फुटी, चार फुटी. टोकाला टोक लावून पायऱ्यांसारख्या वर चढत गेलेल्या. आणि अगदी खालच्या कोपऱ्यापासून अगदी वरच्या कोपऱ्यापर्यंत एकच तिरका पाईप, आरशासारखा, बिनजोडाचा. चौदा एप्रिलला उद्घाटन.

चौकटी सुताभरानं चुकल्या नाहीत. पाईप दीड इंच तोकडा निघाला.

माझा एक नियम आहे. तो मी कुणाला सांगत नाही, महादेवलाही नाही. दहाला चौदा. चौकोनाची बाजू दहा असेल तर कोपऱ्यापासून कोपरा चौदा. चौदाव्या वर्षी आमच्या गोठ्याचे वासे बघून हा मी स्वतः शोधला. या एका नियमावर उद्यमबागेत हेल्परचा फिटर झालो आणि फिटरचा मालक. कुणी शिकवलं नाही. जे शिकलो ते कानानं. रस्त्यापलीकडं ग्राइंडर चालू झाला तर पत्रा किती जाडीचा ते मी इथून सांगतो. कामाची एक गोष्ट या कानांतून आजवर सुटलेली नाही.

मग दीड इंच कुठं गेला?

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी भीमरत्नकडं गेलो. पारमिता नकाशा पसरून बसलेली.

"काका, लांबी लिहिली होती की मी." तिनं बोट ठेवलं. तिथं होतं ९√२.

मी म्हटलं, "ती बरोबरची खूण न्हवं? नऊ फूट उंची, तपासली, बरोबर. पाईप दोन इंची."

पारमितानं तोंडावर ओढणी धरली. भीमरत्न हसला नाही.

"दीड इंच वाढवून नवा पाईप कापतो," मी म्हटलं. "माझ्या पैशानं. भोक दिसतंय तेवढं भरलं की झालं."

"दीड इंच मलाबी ठाऊक हाय, पर्शा. दीड इंच आला कुठनं ते सांग. मग काप."

"ते सांगून काय करायचंय? बसल्याशी कारण."

"त्या अभ्यासिकेत पोरं गणित करायला येणारेत. दारावरचा पाईप अंदाजानं बसवला, असं मी त्यांना सांगू? एप्रिलच्या पाच तारखेपर्यंत तुला वेळ. सहाला कमिटीम्होरं फळ्यावर करून दाखव. न्हाय जमलं तर काम बेळगावच्या पार्टीला. त्यांचं कोटेशन आलंय."

"पारमिता, तू तरी सांग बापाला."

"मी यात नाही काका," ती म्हणाली. काका म्हणाली, तेवढं बरं वाटलं.

निपाणीत चौतीस वर्षं धंदा केला. काम अर्ध्यावर काढून घेतलं असं एकदाही झालं नाही. आता होईल, आणि तेही भीमरत्नकडून.

१६ मार्च, रविवार

पहिला तास. भीमरत्नची आई सुलाकाकू ओसरीवर शेंगा फोडत बसलेली. अठ्ठ्याऐंशी वय, कानानं कमी. "पर्शा आलाय व्हय? नापास झालतास न्हवं तू?" एवढं मात्र तिच्या ध्यानात.

भीमरत्न म्हणाला, "दोन फुटी चौकटीचा कर्ण काढ. दोन गुणिले दोन किती?"

"चार."

"दोन्ही बाजूंचे चार-चार. आठ. त्या आठाचं मूळ म्हणजे कर्ण. आठाचं मूळ पुरं निघतं का?"

"न्हाय. दोन पॉइंट..."

"पॉइंटावर यायचं न्हाय! पॉइंटावर आलास की घसरलास. जे मूळ पुरं निघत न्हाय त्याला करणी म्हणायचं. ती हाय तशी धरून ठेवायची."

तीन फुटीला अठराचं मूळ, चार फुटीला बत्तीसचं. मी म्हटलं, सोपं आहे. आठ, अठरा, बत्तीस मिळवले, अठ्ठावन्न. अठ्ठावन्नाचं मूळ साडेसातच्या थोडं वर.

भीमरत्न शांतपणे म्हणाला, "म्हणजे पावणेतेरा फुटाचा पाईप तू साडेसात फुटांत बसवलास. वा."

मग त्यानं नऊ आणि सोळा लिहिले. नवाचं मूळ तीन, सोळाचं चार, मिळून सात. नऊ आणि सोळा पंचवीस, त्याचं मूळ पाच. सात आणि पाच एक नव्हेत. मी तीनदा करून बघितलं. नव्हेतच. मुळाच्या खुणेच्या छपराखाली असलेल्यांना छपराखालीच एकमेकांत मिसळता येत नाही, असा काहीतरी कायदा आहे.

२१ मार्च, शुक्रवार

घरात भानगड झाली.

रुक्माबाई सातवी शिकलेली, वाचते चांगलं. माझी गणिताची वही तिच्या हाती लागली. पानाच्या डोक्यावर मी लिहिलेलं: 'करणी. आधी आतलं फोडायचं. जोडी बाहेर काढायची. एकटा उरेल तो आत ठेवायचा.' खाली आठाच्या, अठराच्या डोक्यावर छपरं काढलेली, ताईतातल्या यंत्रासारखी. सकाळी वर्कशॉपला गेलो तर दाराला लिंबू-मिरची आणि कटर मशीनला काळा दोरा.

महादेव म्हणाला, "अण्णा, मला वाटतच हुतं. दीड इंच असा आपोआप जातोय व्हय? कुणीतरी खाल्लाय."

दुपारी ताट वाढताना तिनं विचारलं, "अवो, कुणी केली?"

"काय?"

"करणी."

"भीमरत्ननं दिली."

हातातला डाव आमटीत पडला. "भाऊजींनी? त्या घरात असलं कुणी कधी मानलं न्हाय वो!"

"अगं, पाच दिल्यात घरी करायला. तीन सुटल्या, दोन काय सुटंनात."

"तरीच आंघोळ करताना पुटपुटताय. माझ्या देवा!" असं म्हणून तिनं माझ्यावरून मीठ-मोहरी उतरायलाच घेतली.

तिला समजावून सांगायला अर्धा तास गेला. पटलं असं वाटत नाही. "गणिताला असलं नाव कोण ठेवंल?" म्हणते. भीमरत्नला फोनवर सांगितलं तर तो इतका हसला की फोन पारमितानं घेतला. नऊ तारखेपासून तो पहिल्यांदा हसला. लिंबू-मिरची राहू दिलीय.

२३ मार्च, रविवार

आज डोक्यात उजेड पडला.

आठ म्हणजे दोन-दोन-दोन. दोघांची जोडी जुळली, जोडीतला एक बाहेर. एकटा दोन आत. म्हणून बाहेर दोन, मुळात दोन. अठरा म्हणजे तीन-तीन-दोन. बाहेर तीन, मुळात दोन. बत्तीसात बाहेर चार, मुळात दोन. वरून बघताना आठ, अठरा, बत्तीस म्हणजे तीन गावची तीन माणसं. आत शिरून बघितलं तर तिघांच्या घरात तोच दोन बसलेला.

"आता मिळव," भीमरत्न म्हणाला. "मुळाखाली सारखा आकडा आला की त्या सजातीय करण्या. त्यांचीच बेरीज होते."

"आणि सारखा न्हाय आला तर?"

"विजातीय. आपल्या वेळी हेच शब्द होते. आता समरूप म्हणतात." त्यानं चष्मा काढून पुसला. "शब्द बदलला ते बरं झालं."

मी म्हटलं, "शब्दात काय असतंय? आपण कधी असलं पाळलं? एका घरातले असल्यासारखे वाढलो की. आमच्या गोठ्याच्या कामावर तुझे वडील, काकू, तू. दिवसभर सगळी एकत्र."

भीमरत्न पेन्सिलीला टोक करत होता. इतकं बारीक केलं की ते मोडलं. मग म्हणाला, "बेरीज कर."

दोन, तीन आणि चार, नऊ. नऊ गुणिले दोनाचं मूळ. ९√२. पारमितानं नकाशावर लिहिलं होतं तेच! मला खूण वाटली ती खूण नव्हतीच.

भीमरत्न चहा ठेवायला आत गेला. मी खुशीत, आपल्याशीच माझा नियम लावून बघत होतो. "दहाला चौदा, दहाला चौदा..." तेवढ्यात सुलाकाकू शेंगा फोडता फोडता पुटपुटली, "सत्तराला एक." सत्तर शेंगांत एक किडकी निघत असेल. मी म्हटलं, "शेंगा चांगल्या हैत काकू." तिला ऐकू गेलं नाही.

वय झालं आता.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारून झाल्यावर मोटारसायकल काढली आणि गावातली माझी जुनी गेटं बघत फिरलो. रुक्माबाईला सांगितलं, उधारी वसूल करायला चाललोय.

खोटं कशाला लिहू, ही वही माझी आहे. निपाणीत माझं गेट कोपऱ्यातल्या कमळाच्या पट्टीवरून ओळखतात. लोक मुद्दाम मागतात, "परशरामचं कमळ पायजे." ते कमळ मी हौसेनं काढलेलं नाही. तिरकी सळई दर वेळी कोपऱ्याला थोडी कमी पडायची. ती फट झाकायला पहिल्या गेटाला पत्र्याचा तुकडा लावला, तो उघडा बरा दिसेना म्हणून त्याचं कमळ केलं.

आज टेप लावून बघितलं. चार फुटी गेटाला कमळ लहान. सहा फुटीला मोठं. कोगनोळीला ढाब्याचं दहा फुटी गेट आहे, त्याचं कमळ ताटाएवढं. गेट जेवढं मोठं, तेवढी फट मोठी. म्हणजे चूक हाताची नाही. हाताची असती तर कधी कमी, कधी जास्त पडली असती. ही इमानदारीनं दर वेळी कमीच पडत आलीय. चौतीस वर्षं.

माझा नियमच कुठंतरी अपुरा आहे. पण मीच शोधलेला नियम अपुरा कसा राहील? माणूस शोधतो तर पुरतं शोधतो.

की शोधलेला नव्हेच? बसून आठवलं. गोठा, वासे, मातीचा चिखल, आणि कुणाचा तरी आवाज, "दहाला चौदा." माझा आवाज नव्हे तो. मोठ्या माणसाचा.

असंल. ऐकून उचलला असंल. कान होते म्हणून उचलला.

४ एप्रिल, शुक्रवार

नवा पाईप कोल्हापूरहून आला. उभा करून ठेवलाय. महादेवनं त्याला हळद-कुंकू लावलं.

६ एप्रिल, रविवार

अभ्यासिकेचा नवा फळा. समोर कमिटीची सात माणसं, पारमिता, आणि खुर्चीवर सुलाकाकू. महादेव दारात. बासष्टाव्या वर्षी हातात खडू घेतला.

तिन्ही करण्या फोडल्या, जोड्या बाहेर काढल्या, मिळवल्या. ९√२.

भीमरत्ननं मुद्दाम खोडी काढली. पुढं √१२ लिहिलं. "हे बी मिळव."

बारा म्हणजे दोन-दोन-तीन. बाहेर दोन, आत तीन. मी थांबलो. "मास्तर, हे मिळत न्हाय. ह्याच्या मुळात तीन हाय. शेजारी बसवायचं, बस्स. नऊ मुळात दोन, अधिक दोन मुळात तीन. जबरदस्ती न्हाय."

कमिटीतला एकजण म्हणाला, "मिस्त्री पास!"

"थांबा," भीमरत्न म्हणाला. "दीड इंच कुठनं आला?"

हे मी घोकून गेलो होतो. "दोनाचं मूळ एक पॉइंट चार एक चार दोन, आणि पुढं संपतच न्हाय. मी एक पॉइंट चारवर उठलो. म्होरचं टाकलं. नऊ फुटाचे इंच एकशे आठ. टाकलेलं गुणिले एकशे आठ, दीड इंच."

"अर्धंच घेऊन उठायचं," तो म्हणाला. "नववीत बी तास अर्धा झाला की उठायचास." पण हसत म्हणाला. मग त्यानं माझ्या हातावरचा खडू स्वतःच्या रुमालानं पुसला. काम माझंच राहिलं.

सुलाकाकूला काय कळलं कुणास ठाऊक. तिनं मला जवळ बोलावून विचारलं, "पास झालास?" मी मान हलवली. "लई येळ लावलास," ती म्हणाली.

८ एप्रिल, मंगळवार

पाईप कापला. बारा फूट आठ इंच आणि पाऊण. उद्यमबागेत पॉलिशवाल्यानं कानडीत दोनदा विचारलं, "अळती सरी ऐतेन्री?" माप बरोबर आहे ना? मागचा पाईप त्याच्या ध्यानात होता. मी त्याला सगळं गणित सांगायला लागलो. तो म्हणाला, "हो की न्हाय, तेवढं सांगा."

"हो."

१३ एप्रिल, रविवार

बसला.

वरच्या कोपऱ्यात महादेव, खाली मी, मध्ये शिडीवर भीमरत्न. टेकवला आणि 'टक्' असा एकच आवाज आला. फट नसली की असाच आवाज येतो. कमळ लागलं नाही. पारमितानं खालून फोटो काढला आणि म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा, पाईपात तुम्हीच दिसताय."

१४ एप्रिल, सोमवार

उद्घाटन झालं. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पोरांचा गलका. भीमरत्ननं भाषणात माझं नाव घेतलं: "परशराम मिस्त्रींनी स्वतः गणित सोडवून हा पाईप बसवला." टाळ्या. रुक्माबाई पुढच्या रांगेत होती, तिनं पदर सावरला. आता ती बायकांना सांगते, आमच्या ह्यांस्नी करणी काढाय येते.

नंतर खीर वाटली. मी वाटी घेऊन सुलाकाकूशेजारी बसलो. ती हाताचा आडोसा करून पाईपाकडं बघत होती.

"केवढा घातलास रं?"

मी तिच्या कानाशी ओरडून सांगितलं, "एकशे आठाला एकशे बावन्न आणि पाऊण!"

ती बोटांची पेरं मोजायला लागली. "दहाला चौदा. सत्तराला एक. शंभराच्या वर हाय, म्हंजे दीड." मान हलवली. "बरोबर हाय."

मी वाटी खाली ठेवली. पेन काढून तळहातावर मांडलं. सत्तराला सात चौदं अठ्ठ्याण्णव, वर एक, नव्व्याण्णव. एकशे आठाला एकशे एक्कावन्नच्या थोडं वर, त्यात दीड. तोच आकडा! ना मूळ, ना करणी, ना फळा.

"काकू, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"भीमाच्या बानं. तुमच्या गोठ्याचं वासं त्यानंच कापलं की. दहाला चौदा, सत्तराला एक. एक बी वासा तोकडा पडला न्हाय. भीमाकडनं तितंच पाठ करून घेतलं."

भीमरत्न मागं उभा होता. "व्हय. आप्पांचा नियम. तुला ठाऊकच असणार म्हणून मी कधी बोललो न्हाय. तू हुतास की तिथं."

"मी दहाला चौदा ऐकलं. सत्तराचं न्हाय ऐकलं."

"कसं ऐकशील?" सुलाकाकू म्हणाली. "भाकरीची येळ झाली. तुझी आई हाक मारत आली, तू आत गेलास. आमी आपलं गोठ्यातच बसलो." आवाजात काही नव्हतं. तांदूळ निवडताना खडा बाजूला ठेवावा तसं बोलली. "खीर खा की. निवाय लागलीया."

खाल्ली.

दहा मार्चला मी कानाबद्दल काय लिहिलंय ते आता वाचलं. खोडत नाही, राहू दे. खाली एवढंच जोडतो. भीमरत्नचे वडील मायाप्पा नियम सांगत होते. अर्धा झाला तेव्हा जेवायची वेळ झाली. मी घरात जेवत होतो. ते तिघं बाहेर होते.